सायलेन्सर काढला की गाडी जास्त पळते का? : वर्गातल्या एका प्रश्नावरून सुचलेला पाठ



मागच्या महिन्यात पाचवीला ध्वनी शिकवत होते. फळ्यावर 'कंपन' हा शब्द लिहिला आणि तेवढ्यात शाळेसमोरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल फटाके फोडत गेली. सगळा वर्ग खिडकीकडे वळला. मागच्या बाकावरचा एक मुलगा छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, त्यो माझा दादा हाय. सायलेन्सर बदललाय त्यानं. आता गाडी लई पळती." आणि पाठोपाठ प्रश्न आला, "सायलेन्सर काढला की गाडी जास्त का पळती, मॅडम?"

मी काय केलं असेल? "खाली बस, धड्याकडे लक्ष दे" म्हणाले. घरी आल्यावर मात्र हे मनाला लागून राहिलं. ध्वनीच्या तासाला याहून चांगला प्रश्न कुठला येणार होता? आणि खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं, म्हणूनच मी त्याला बसवलं होतं. पुढचे पंधरा दिवस वाचलं, गावातल्या मेकॅनिकदादांकडे जाऊन कापलेला जुना सायलेन्सर पाहिला आणि मग दोन तास घेऊन हा विषय वर्गात घेतला. तुम्हालाही घेता येईल. घरात तरुण मुलगा आणि दारात गाडी असलेल्या पालकांनी तर नक्की वाचा.

आधी स्फोट मोजू या

बहुतेक मोटारसायकलींचं इंजिन चार टप्प्यांत चालतं : हवा-पेट्रोल आत ओढणे, दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि जळका वायू बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत इंजिनाच्या दोन फेऱ्या होतात. म्हणजे दोन फेऱ्यांना एक स्फोट. मुलांना इथेच गणित द्या. गाडी नुसती उभी राहून चालू असताना इंजिन मिनिटाला साधारण १००० फेरे मारतं असं धरलं, तर मिनिटाला स्फोट किती? ५००. सेकंदाला साधारण आठ. आणि ३००० फेऱ्यांना? मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५.

आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० च्या आतले ठोके सुटे सुटे ऐकू येतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळून सलग सूर होतो. म्हणून उभी असलेली मोठी गाडी डग-डग-डग करते आणि तीच पळायला लागली की घूंऽऽ ऐकू येतं. शेतकऱ्यांच्या मुलांना हे डोळ्यांनीही दिसलेलं असतं. ट्रॅक्टरच्या उभ्या धुराड्यावर पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून एक लहान टोपण असतं ना? इंजिन हळू चालत असलं की ते थडथड उडत राहतं. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी ते पाहिलं होतं, पण ते का उडतं हे कुणी कधी विचारलं नव्हतं. (मीसुद्धा नाही.)

आवाज एवढा मोठा का? स्फोटानंतर बाहेर जायची झडप उघडते, तेव्हा आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो आणि तापमान ६०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या घरात. तो वायू एकदम सुटतो. यासाठी दोन फुगे घ्या, सारखेच फुगवा. एक टाचणीने फोडा, दुसऱ्याची गाठ सोडून हवा हळूहळू जाऊ द्या. हवा तेवढीच, पण एकाचा धमाका आणि दुसऱ्याची फुस्स. सायलेन्सरचं अर्धं काम या दोन फुग्यांत समजतं. दाब एकदम सुटू द्यायचा नाही, तो वेळेवर पसरवायचा.

रांगेतला धक्का

आता मुख्य गोष्ट. पाईप म्हणजे नुसती धूर जायची मोरी, असं मलाही वाटायचं. मग पाईप जेवढा रुंद आणि आखूड तेवढा धूर मोकळा, तेवढी गाडी जोरात, हे साधं उत्तर. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे हे समजायला आठ-दहा मुलांची रांग लागते.

मैदानात मुलांना एकामागे एक उभं करा. प्रत्येकाने पुढच्याचे खांदे दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. मागून पहिल्याला अगदी हलका धक्का द्या. मुलं जागची हलत नाहीत, पण धक्का रांगेतून पुढे पळत जातो. पाईपमध्येही असंच होतं. वायू आपल्या गतीने सरकत असतो, पण दाबाची लाट त्याच्या कितीतरी पुढे, ध्वनीच्या वेगाने पळते.

आता रांगेच्या टोकाचं पोरगं बघा. त्याच्यापुढे धरायला कुणी नाही. धक्का पोचला की ते पुढे झुकतं, आणि त्याचे खांदे मागच्याने धरलेले असल्यामुळे मागचाही ओढला जातो, मग त्याच्या मागचा. पुढे गेला तो धक्का आणि परत आली ती ओढ! पाईपच्या उघड्या तोंडाशी हेच घडतं. दाबाची लाट मोकळ्या हवेत पोचली की तिथून ओढीची, म्हणजे कमी दाबाची लाट उलटी इंजिनाकडे निघते. आता टोकाच्या मुलाला भिंतीला हात टेकवून उभं करा आणि पुन्हा धक्का द्या. या वेळी ओढ येत नाही, धक्काच परत येतो. बंद टोकावरून दाबाची लाट दाब म्हणूनच परतते.

(सूचना : हा खेळ मातीवर घ्या, फरशीवर नको. आणि धक्का तुम्ही स्वतः द्या. आमच्याकडे एका वीराने दिला आणि सगळी रांग आडवी झाली.)

ही परत आलेली ओढ इंजिनाच्या फार उपयोगाची आहे. जळका वायू बाहेर जायची झडप मिटत असते आणि ताजी हवा आत यायची झडप उघडत असते, अशा थोड्या वेळासाठी दोन्ही झडपा उघड्या असतात. नेमक्या तेव्हा ओढ पोचली तर ती सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू चोखून बाहेर काढते आणि ताज्या हवेलाही आत यायला मदत करते. पण तिथे ओढीऐवजी दाब पोचला, तर जळका वायूच परत आत ढकलला जातो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा.

ती वेळ कशावर ठरते? पाईपच्या लांबीवर. साध्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, पण ५०० अंश तापलेल्या वायूत तो साधारण ५५० मीटर जातो. पाईप १ मीटर लांब असेल तर लाट जाऊन परत यायला २ मीटर, म्हणजे सेकंदाचे जेमतेम चार सहस्रांश. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर एका फेरीला २० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे लाट परत येईपर्यंत इंजिन पाचवा हिस्सासुद्धा फिरलेलं नसतं. तेच ६००० फेऱ्यांवर असेल तर एका फेरीला १० सहस्रांश, म्हणजे लाट परत येते तोवर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फिरून झालेलं असतं. लाटेचा वेळ तोच, पण इंजिन भेटतं वेगळ्या ठिकाणी. म्हणून कुठलीही एक लांबी सगळ्या वेगांना जुळत नाही. झोपाळ्याला झोका देताना आपण कधीही धक्का देत नाही, तो परतून पुन्हा पुढे निघाला की देतो. अवेळी दिला तर झोका मोडतो. तसंच हे.

कंपनीतले अभियंते आपण रोज ज्या वेगाने गाडी चालवतो त्या वेगाला हा झोका जुळावा म्हणून लांबी, जाडी आणि वळणं ठरवतात. आखूड आणि मोकळा पाईप लावला की जुळणी वरच्या, फार जोराच्या फेऱ्यांकडे सरकते. शर्यतीची गाडी कायम तिथेच पळते, म्हणून तिला तो मानवतो. आणि तिथे पेट्रोल-हवेचं प्रमाणही नव्याने बसवलेलं असतं. आपण मात्र खड्ड्यांतून, म्हशी चुकवत, तिसऱ्या गियरमध्ये जातो. तिथे उलट ताकद कमी होते. शिवाय रुंद पाईपात वायू मंदावतो आणि लाटही लेचीपेची होते. नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी लांब उडतं आणि बोट काढलं की पायाशी पडतं, हे मुलांना माहीत असतंच.

गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच." अनुभव बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. उलटा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला बाहेर ढकलण्यात ताकद वायाच जाते. मोकळा पाईप लावल्यावर गाडी खालच्या वेगाला मरगळते ती वायूचा वेग आणि ओढीची वेळ बिघडल्यामुळे. पण मेकॅनिकदादांशी यावर वाद घालू नका. मी घातला, आणि चहा थंड झाला.

मग गाडी जास्त पळते असं दादाला का वाटतं? आवाजामुळे! कानाला मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद वाटते. मोबाईलवर त्याच रस्त्याचा वेळ लावून बघा म्हणावं. म्हणजे रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर, हेल्मेट घालून आणि मर्यादेत.

एका पाईपसाठी देश सोडलेला माणूस

पाईपच्या आकाराला किती महत्त्व असू शकतं, याची एक खरी गोष्ट मुलांना सांगा. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात, नुसती भोकं असतात. तिथे ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण जळक्या वायूच्या मागोमाग बाहेर पळून जातं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीतले अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पाईपला मध्ये फुगलेलं पोट दिलं. पाईप आधी पसरट होत जातो, तिथून ओढ परतते आणि वायू चोखून घेते. मग तो निमुळता होतो, तिथून दाब परततो आणि बाहेर पळालेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. आपल्या रांगेतली ओढ आणि भिंतीवरचा धक्का, दोन्ही एकाच पाईपात. यामुळे १२५ सीसीच्या छोट्या इंजिनाने मोठमोठ्या कंपन्यांना घाम फोडला. १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून निघाला आणि हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकीला मिळाला. १९६२ मध्ये त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. काडेन यांच्या पदरी काय पडलं, हा वेगळा विषय. आमच्या वर्गात यावर "हे चोरी म्हणायचं का?" अशी अर्धा तास चर्चा झाली आणि परिसर अभ्यासाचा तासही त्यातच गेला.

आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनलेली आरएक्स १०० आठवणाऱ्यांना तिचा आवाजही आठवत असेल. तीही टू-स्ट्रोकच. अशा गाडीचा पाईप काढून चालवली की ताकद वाढायच्या ऐवजी सरळ उतरते, कारण ढकलून परत आणणारा दाबच राहत नाही.

आत काय असतं?

मेकॅनिकदादांनी दाखवलेल्या कापलेल्या सायलेन्सरात तीन खोल्या होत्या. मधल्या पत्र्याच्या पडद्यांतून भोकं पाडलेल्या नळ्या आरपार गेलेल्या. वायू एका खोलीत जातो, पसरतो, उलटा फिरतो, दुसरीत जातो. प्रत्येक वेळी अरुंद नळीतून रुंद खोलीत आला की लाटेचा काही भाग मागे परततो आणि पुढे जाणारा भाग लहान होतो. खोलीची लांबी अशी ठेवतात की परतलेली लाट नव्या लाटेच्या उलट पडावी. एकीचा उंचवटा, दुसरीचा खळगा, दोन्ही एकमेकींना पुसतात. काही सायलेन्सरांत भोवती काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते, ती बारीक, किणकिणाऱ्या आवाजांना गिळते. घरी हे दाखवायचं तर गाणं लावलेला मोबाईल आधी रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, मग गोधडीत गुंडाळून ठेवा.

चारचाकीत चार सिलिंडरचे चार पाईप एकत्र येतात, तेव्हा एकाच्या लाटेने दुसऱ्याचं काम बिघडू नये म्हणून ते कुठे आणि किती लांबीवर जोडायचे याचं वेगळं गणित असतं. प्राथमिकच्या मुलांना तिथपर्यंत नेऊ नका.

ते फटाके म्हणजे काय?

बदललेल्या पाईपातून येणारे फट्-फट् आवाज ताकदीचे नसतात. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाईपात हवा मिळाली की पेटतं, त्याचा तो आवाज. म्हणजे ज्या पेट्रोलने चाक फिरायला हवं होतं ते पाईपात जळतंय. एवढं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पैसेच फुटत्यात की मॅडम."

याहून गंभीर गोष्ट दिसत नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांच्या पाईपात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेला एक भाग असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर असतो. तो कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साईड यांचं रूपांतर कमी त्रासाच्या वायूंत करतो. पाईप काढून फेकला की बऱ्याच गाड्यांत हा भागही त्याच्याबरोबरच जातो.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. म्हणून पालकहो, सकाळी गाडी गरम करायला बंद पडवीत किंवा शटर खाली असलेल्या गाळ्यात चालू ठेवू नका. जनरेटरचंही तेच. कन्व्हर्टर असलेली गाडीही याला अपवाद नाही, कारण तो भाग २५०-३०० अंश तापेपर्यंत नीट काम करतच नाही. थंड इंजिन पहिल्या मिनिटांतच सगळ्यात घाण सोडतं.

थंडीत पाईपातून पाणी टपकतं, त्याला मात्र घाबरू नका. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं, फक्त ते वाफेच्या रूपात जातं. गार पाईपात ती वाफ थिजते. ते पाणी निघून जावं म्हणून बऱ्याच सायलेन्सरांना खालच्या बाजूला बारीक भोक ठेवलेलं असतं. "पाईप फुटलाय" म्हणून ते झाळून बंद करू नका, नाहीतर आतून गंजेल. ज्यांची गाडी रोज फक्त एक-दोन किलोमीटरच चालते, त्यांचा पाईप लवकर गंजतो तो याच कारणाने. पाणी उडून जाण्याइतका तो तापतच नाही. पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पाईप बुडालेला असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं असेल तर आतला दांडा वाकतो.

आणि पोटरी! आमच्या शाळेत दर वर्षी दोन-तीन मुलं पोटरीवर पाईपचा डाग घेऊन येतात. पाईपचा पुढचा भाग २००-३०० अंशांवर सहज जातो. बहुतेक गाड्यांना पाईप उजवीकडे असतो, म्हणून मुलांना डावीकडूनच चढायची-उतरायची सवय लावा. शाळेच्या फाटकाशी घाई असते तेव्हाही. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली किमान दहा मिनिटं, शक्यतो वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखाना.

कायद्याचंही थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर हवाच, आणि गंमत म्हणजे त्या नियमात आवाज कमी करायची रीत म्हणून 'प्रसरण कक्षा'चा उल्लेख आहे. आपल्या त्या तीन खोल्या! आवाज-धुराची मर्यादा मोडणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन रद्द होऊ शकतं. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. आमच्या वर्गात वाचन चालू असतानाच त्याहून जास्त असेल, ते सोडा. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडतात, ते फोटो मुलांनी पाहिलेले असतात. पण मी पाठाची सुरुवात त्यापासून केली नाही. दंडाची भीती घातली की मुलं घरी जाऊन दादाला फक्त "पोलीस पकडतील" एवढंच सांगतात.

त्या मुलाने घरी जाऊन नेमकं काय सांगितलं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना दादा स्वतः फाटकाशी आला. गाडी लांबच बंद करून ढकलत आणली होती. "मॅडम, बारका म्हणतोय तिसऱ्या गियरला गाडी मरती ते पाईपच्या लांबीमुळं. खरंय का? कारण मरती खरी." मी त्याला लाटेचं, चार सहस्रांश सेकंदांचं सगळं सांगितलं. त्याने मोबाईलवर गणित करून बघितलं, अगदी दोनदा. जाताना ५०० अंशाला ५५० मीटर कुठून आलं ते विचारून गेला. आवाजाचा वेग तापमानाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, एवढं वहीच्या कागदावर लिहून दिलं. कंपनीचा मूळ सायलेन्सर माळ्यावर ठेवलेला आहे म्हणे. अजून बसवलेला नाही.